सोट्यापुरता लांडगा

बापाने त्याला पडायला शिकवलं ते ढकलून. आधी बाकावरून, मग शिडीवरून, मग चालत्या गाडीच्या मागच्या फळीवरून. फिरत्या सर्कशीत बापाचं कामच ते होतं. कसरतवाले टाळ्या घ्यायचे, वाघवाला शिट्ट्या घ्यायचा, आणि दोन खेळांच्या मधे बाप उंचावरून खाली यायचा, कधी पाण्याच्या पिंपात, कधी नुसत्याच जमिनीवर. पोरगं कोपर फोडून रडत आलं की बाप दुसऱ्या कोपरावर एक ठेवून द्यायचा. म्हणायचा, "रडायचे पैसे कोणी देत नाही. पडलास की आधी लोकांकडे बघ, मग हाडांकडे." म्हातारा शेवटी पडूनच मेला, पण न्हाणीघरात. बघायला कोणीच नव्हतं. एवढं चांगलं पडणं वाया गेलं, असं पोराला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

पुढे कंपनीने ती सर्कस विकत घेतली. कंपनीला नाव होतं, पण तिथे राबणारे तिला नुसतं कंपनी म्हणत, जसं आभाळाला नुसतं आभाळ म्हणतात. सिनेमे तिचे, खेळणी तिची, पोरांची दप्तरं, चादरी, दात घासायचे ब्रश तिचे, आणि शहराबाहेर भिंत घालून वसवलेली करमणुकीची बाग तिची. फाटकावर पाटी होती, 'इथे अख्खं घर हसतं.' कंपनीने सर्कशीतली जनावरं विकली, तंबू फाडला, माणसं घरी पाठवली. हा एक ठेवला. बागेत लांडग्याचं सोंग होतं. ते इतकं जड होतं की आतला माणूस पडला की बाहेरून उचलावा लागे. हा गडी त्या ओझ्यासकट पडायचा आणि आपला आपण उठायचा.

तेव्हापासून तो लांडगाच झाला. पगाराच्या सहीला वेगळं नाव असेल, पण झाडूवालासुद्धा त्याला "काय लांडगोबा, शेपटी बरी आहे ना?" असंच विचारायचा.

कंपनीने दिलेला खेळ साधा होता. लांडगा येतो, कोकरांना खायला बघतो, कोकरं त्याला फसवतात, तो पळतो. गोष्ट लिहिणारी बाई कंपनीतच बसायची, तिला सगळे गोष्टवाली म्हणत. तिने लिहिलं होतं, 'लांडगा दारातून आत येतो.' एवढंच. पण याचा एक चुलता होता, दारुडा. तो पिऊन घरी आला की दार आपल्याकडे चालत येतंय असं समजून त्याची वाट बघत अंगणात उभा राहायचा. दार येईना की त्याला शिव्या द्यायचा. याने तो चुलता जसाच्या तसा उचलला आणि लांडग्यात घातला. लांडगा दारासमोर थांबतो, नखं साफ करतो, दाराला 'ये की' म्हणून मान हलवतो, शेवटी रुसून पाठ करतो. पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. मग एक कोकरू शिंकायचं आणि तो धिप्पाड लांडगा घाबरून स्वतःच्याच शेपटीमागे लपायचा. ते काही कोणी लिहिलेलं नव्हतं. एकदा कोकरातली बाई खरोखर शिंकली होती, तेव्हापासून ते चालू.

गोष्टवाली खेळ बघायला पहिल्या रांगेत येऊन बसायची. म्हणायची, "तू करतोस ते मी कागदावर उतरवते. पगार मात्र मीच घेते."

"घ्या की," तो म्हणायचा. "मला लिहिता येत नाही, तुम्हाला पडता येत नाही. फिटंफाट."

शेपटी शिवणाऱ्या बाईशी त्याचं लग्न झालं. सोंगं शिवायच्या खोलीत ती कामाला होती. शेपटी नुसती लोंबायची, तिने आत छत्रीची तार घातली आणि शेपटीला जीव आला. तार बसवताना तिने त्याला इतक्या सुया टोचल्या की तो म्हणाला, "एवढी टोचाटोची करायचीच असेल तर रीतसर लग्न कर." तिने दात न दाखवता विचारलं, "घरी पण पडतोस का?" झालं लग्न. मागोमाग तिचा धाकटा भाऊ बागेत लागला, लांडग्याचा राखणदार म्हणून.

राखणदार म्हणजे काय ते सांगायला हवं. सोंगातल्या माणसाला बाजूचं दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, आणि बोलायची तर बंदीच. लांडग्याच्या तोंडातून माणसाचा शब्द आला तर त्याच दिवशी घरी. म्हणून प्रत्येक सोंगाबरोबर एक साधा माणूस चालायचा. आतल्याला घेरी आली, दम कोंडला, कुठे लागलं, तर त्याने दोन्ही पंजे डोक्यावर घेऊन कान एकमेकांवर आपटायचे. ही खूण दिसली की राखणदाराने सगळं सोडून त्याला ओढत बाहेर न्यायचं. बागेतली सगळी सोंगं, ससा असो की हत्ती, हीच खूण पाळत. मेहुणा या कामात पक्का होता. दाजींना एकदा उन्हाने चक्कर आली, तर त्याने त्यांना शेपटीला धरून फरफटत नेलं. नंतर दाजी म्हणाले, "अरे, हाताला धरायचं." मेहुणा म्हणाला, "घाईत जे हाती लागलं ते धरलं."

मग एका दिवशी पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मंचावर चढली आणि तिने पाण्याच्या बाटलीने लांडग्याच्या गुडघ्यावर दणका हाणला. याला सवयच. तो असा पडला की फळ्या दणाणल्या. अख्खं प्रेक्षागृह किंचाळलं. पोरगी पुन्हा मारते, हा पुन्हा पडतो. त्या दिवशी मागे विक्रीसाहेब उभा होता.

विक्रीसाहेब म्हणजे बागेतल्या दुकानांचा मालकच म्हणा. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा, सगळ्यांच्या पोरांची विचारपूस करायचा. पण त्याच्या डोक्यात तराजूचा एक काटा होता, आणि जगातली कुठलीही वस्तू समोर आली की तो काटा हलायचा. खपेल की नाही खपेल. बाहेर जाताना लोकांना दुकानातूनच जावं लागे, तिथे कोकरांच्या बाहुल्या धूळ खात पडल्या होत्या. त्याने गोष्टवालीला बोलावलं.

"गोष्ट तीच ठेवा," तो म्हणाला. "फक्त शेवट बदला. पोरांनी लांडग्याला मारायचं."

"कशाने?"

"तेच तर. सोट्याने. सोटा दुकानात मिळेल. आत येतानाच."

"म्हणजे आधी सोटा घ्यायचा आणि मग गोष्ट बघायची?"

"बरोबर. हातात सोटा असला की माणूस गोष्ट जास्त लक्ष देऊन बघतो."

पहिले सोटे मऊ होते, स्पंजाचे. मारले तरी गुदगुल्याच. पोरं धावून यायची, हा लोळायचा, मजाच होती. पण मऊ सोटे दुसऱ्या दिवशी तुटायचे आणि आयाबाया परत करायला यायच्या. मग कंपनीने टणक प्लास्टिकचे काढले, आत घुंगरू घातलेले. ते तुटत नव्हते. तुटायचं ते दुसरंच.

शिवणवालीने सोंगाच्या आतून कापूस भरला. गादीवाला भरतो तसा ठासून. आठवड्याच्या आत वरून निरोप आला, कापूस काढा. का? तर आवाज येत नाही. धप्प होतं, फटाक होत नाही. फटाक झालं की दुसऱ्या पोराला सोटा हवासा वाटतो. कापूस काढून पाठीला पातळ फळी बसवली. तिच्यावर सोटा पडला की फटाका फुटल्यासारखं वाजायचं, आणि फळीची कड बरगडीत रुतायची. मागच्या रांगांना लांडग्याचं विव्हळणं ऐकू यावं म्हणून डोक्याच्या आत, तोंडाशी, माईकही लावला. विव्हळायला परवानगी होती, बोलायला नाही.

घरी तो सदरा काढायचा तेव्हा बायको बघत राहायची. खांद्यापासून कमरेपर्यंत काळेनिळे पट्टे, त्यावर पिवळे, त्यावर ताजे लाल.

"ही पाठ आहे की दुकानातलं कापड?" ती म्हणायची.

"तू शिवणवाली. तूच सांग, सदरा होईल का?"

ती वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि पाठीवर अशी दाबायची की तो मारापेक्षा मोठ्याने ओरडायचा. शेजारचे भिंतीवर थाप मारायचे.

दार आणि शिंक दोन्ही गेली. वेळ खात होती. पोरं सोटा घेऊन बसलेली, त्यांना धीर कुठला? लांडगा दारासमोर थांबला की ओरडा व्हायचा, "ये ना लवकर! मार खा ना!" गोष्टवालीने एक दिवस मागच्या खोलीत येऊन त्याच्यासमोर कागद टाकला. खेळ कापून कापून निम्मा झाला होता. ती म्हणाली, "मी आता गोष्ट लिहीत नाही रे. सोट्याला निमित्त लिहिते."

आणि मग ते डोळ्याचं झालं. लांडग्याच्या डोळ्यांच्या जागी जाळी होती, तिच्यातून हा बघायचा. एका पोराने सोटा मारण्याऐवजी भोसकला. जाळी आत आली, डाव्या डोळ्यात. रक्त की पाणी ते याला कळलं नाही, पण समोरचं सगळं लाल झालं. याने पंजे वर घेतले, कान एकमेकांवर आपटले. मेहुणा धावला, शेपटी धरली आणि फरफटत निघाला. आणि जो हशा उठला म्हणता! एवढा मोठा लांडगा कान आपटतोय आणि एक काटकुळा माणूस त्याला शेपटीने ओढतोय. पोरं पोट धरून लोळली. बाप लोक रुमालाने डोळे पुसत होते.

डॉक्टरने डोळा उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "आतला पडदा जागचा हललाय. तो आहे तसा राहिला तर डोळा राहील. अजून एक दणका बसला तर डोळा गेला समजा. काम काय करता?"

"मार खातो," हा म्हणाला.

डॉक्टरला वाटलं, घरातलं काही आहे. त्याने बायकोकडे रोखून पाहिलं.

चार दिवस विश्रांती घेऊन तो परत आला तर विक्रीसाहेब मिठी मारायला पुढे. "काय सुचलं रे तुला! कान आपटायचं! ते ओढत नेणं! शेवट सापडला आपल्याला. रोज करायचं."

"साहेब, ती धोक्याची खूण आहे."

"आता ती विनोदाची खूण आहे. धोक्याची दुसरी करू. कळवतो."

दुसरी काही कळवली नाही. याने नि मेहुण्याने आपसातच ठरवायला घेतली. अंगठा दाखवावा, तर पंज्याला अंगठा नाही. बसकण मारावी, तर लांडगा अर्धा वेळ जमिनीवरच. शेवटी ठरलं, डावा पाय आपटायचा.

"दाजी, तुम्ही आधीच पाय झाडत असता," मेहुणा म्हणाला. "मला कळायचं कसं, कुठला आपटलेला आणि कुठला झाडलेला?"

"कळेल. मेहुणा आहेस ना?"

बायकोला हे पटलं नाही. "सोडा ते सोंग. ससा मागा. सशाला कोणी मारत नाही."

"सशात दुसरा आहे. मी उतरलो तर लांडग्यात भलताच कोणी घालतील."

"घालू देत. डोळा गेल्यावर लांडगा काय हुंगत चालणार?"

"लांडगा हुंगतच चालतो."

"थट्टा नका करू हो. गेला तर परत यायचा नाही." ती त्याच्या डाव्या गालाला हात लावून म्हणाली. तिचा हात सुयांनी खरखरीत झालेला.

"रोज डावी बाजू भिंतीकडे ठेवतो मी," तो म्हणाला. आणि खरंच ठेवायचा. मंचाच्या डाव्या अंगाला लाकडी भिंत होती, तिला चिकटून लांडगा मार खायचा. पाठ द्यायचा, ढुंगण द्यायचा, उजवा खांदा द्यायचा. डावा डोळा भिंतीला. महिन्यामागून महिने गेले असे.

पण काटा हलायचा थांबत नसतो. एका घरात एक सोटा जातो, दोन का जात नाहीत? बाप लोक नुसतेच फोटो काढत उभे राहतात. त्यांचे हात मोकळे. कंपनीने बापांचा सोटा काढला. लांब, जाड, मुठीला दोरी. सुट्टीच्या गर्दीत तो पहिल्यांदा विकायला ठेवला आणि दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या. गोष्टवालीने कागदावर एकच ओळ वाढवली होती, 'आता बाबांची पाळी.'

पोरांचा मार झाला, लांडगा भिंतीला धापा टाकत होता, आणि कर्ण्यातून ते वाक्य ऐकू आलं. बापे मंचावर चढले. फळ्या वाकल्या. त्यात एक ढेरपोट्या होता, घामाने डबडबलेला, हसरा, खांद्यावर पोरगं बसवलेला. त्याने पोराला खाली ठेवलं, हातावर थुंकला आणि पहिला दणका असा दिला की पाठीची फळी मधोमध तुटली. तुटलेली कड आत घुसली. याच्या तोंडून हवा गेली. तोंडाशी माईक, त्यामुळे ती हवा पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. लोक खदखदले.

मार लेकराचा वेगळा. लेकरू मारतं आणि बघतं, लागलं का? बापे बघत नव्हते. कोणाची कचेरीतली वर्षं त्या सोट्यात होती, कोणाचं घरातलं भांडण, कोणाला नुसताच हात सैल सोडायचा होता. फटाक, फटाक, मग फळीच उरली नाही तेव्हा धप्प, धप्प. कोणी त्याला भिंतीपासून खेचलं. डावी बाजू उघडी पडली.

त्याने डावा पाय आपटला. कोण बघतंय? पायांच्या जंगलात एक पाय. तो जीव खाऊन आपटत राहिला. मग हात आपोआप वर गेले, जुन्या सवयीने, आणि त्याने कान एकमेकांवर आपटले. हशा फुटला. मेहुणा मंचाच्या कडेला उभा होता. त्याने ते पाहिलं आणि कागदावर लिहिलं होतं तसं वाकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, मग डुलत डुलत शेपटीकडे निघाला, लोकांना डोळे मिचकावत. घाई नाही. विनोद घाईत होत नाही, असं त्यालाही शिकवलेलं.

"थांबा!" आतून आवाज आला. "डोळा! डोळा आहे माझा!"

लोकांना वाटलं, नवीन विनोद. लांडगा बोलला! ढेरपोट्याने हसत हसत थुतरीवर हाणला. डोकं गरकन फिरलं, जाळी आत कलली.

मग त्याच्या आतून बाप निघाला, चुलता निघाला, सर्कशीतले खुंटे ठोकणारे, घोडे धुणारे, सगळे निघाले. "भडव्यांनो! रांडेच्यांनो! तुमच्या आईचा नवरा आहे का मी, म्हणून बडवताय?" आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते कागदावर धरवत नाही. आया झाल्या, बहिणी झाल्या, आज्या झाल्या, ढेरपोट्याच्या ढेरीत काय आहे आणि ते तिथे कोणी घातलं तेही झालं. माईक चालू. बागेतल्या एकूण एक खांबावर कर्णा होता. आगगाडीच्या रांगेत, आइस्क्रीमच्या रांगेत, बाळांना दूध पाजायच्या खोलीत, सगळीकडे लांडग्याच्या शिव्या खणखणीत ऐकू गेल्या.

सोटे हवेतच थांबले. इतका वेळ एकाही आईला उठावंसं वाटलं नव्हतं. आता सगळ्या उठल्या. पोरांचे कान झाकायला हात कमी पडले.

"मुलांसमोर?" ढेरपोट्या म्हणाला. त्याचं हसू पुसलं गेलं होतं, आणि तो मनापासून दुखावला होता. "माझ्या पोरासमोर असली भाषा?" त्याने सोटा दोन्ही हातांनी धरला आणि भाल्यासारखा जाळीत घातला.

डोळा गेला तो तेव्हा. याने पंजा फिरवला, आंधळाच, आणि तो पंजा ढेरपोट्याच्या नाकावर बसला. नाक मोडल्याचा आवाजही माईकने घेतला. मग बापे तुटून पडले. आता खेळ नव्हता, आता घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. याने लांडग्याचं डोकं उपटून फेकलं. खाली माणसाचं तोंड होतं, अर्धं रक्ताने माखलेलं, डोळ्याच्या जागी मांसाचा गोळा. पोरांनी जी किंकाळी फोडली ती विनोदाची नव्हती. तेव्हा मेहुण्याला कळलं. तो "दाजी!" म्हणून झेपावला आणि त्याच्या अंगावर पालथा पडला. दोरीच्या मुठीचे सोटे त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर ठेवलेल्या हातावर पडत राहिले. हाताचं हाड कोपराखाली मोडलं. पहारेकरी आले तेव्हा दोघांना एकमेकांपासून सोडवावं लागलं, इतका मेहुणा चिकटला होता.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. आमच्या बागेत लहानग्यांच्या कानांवर अयोग्य शब्द पडले, याचा आम्हाला मनापासून खेद आहे. डोळ्याचा उल्लेख नव्हता. सोट्याचाही नव्हता.

विक्रीसाहेब फळांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला. खाटेच्या कडेवर बसला. बायको कोपऱ्यात होती, मेहुणा प्लास्टरमधला हात घेऊन स्टुलावर.

"घरी बसवायला हवं तुला," साहेब म्हणाला. "नियमच आहे. पण मी भांडलो. तू लांडग्याच्या सोंगात सगळ्यांसमोर माफी माग. मुलं तुला माफ करतील. नोकरी राहील, दवाखान्याचंही कंपनी बघेल."

"माफ करतील म्हणजे कशी?" बायकोने विचारलं.

साहेब जरा घुटमळला. "हलकेच. एक टपली. त्यासाठी वेगळा काढलाय आम्ही. गुलाबी. माफीचा सोटा."

बायको उठली. तिने त्याच्या हातातली फळांची पिशवी घेतली, त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि मग रिकाम्या पिशवीने त्याला दारापर्यंत हाणलं. साहेब पाठमोरा ओरडत होता, "वहिनी, मी तुमच्या बाजूचा आहे!" मेहुणा मोडका हात धरून हसला आणि कळवळला.

पण हा म्हणाला, "जाईन मी."

"एक डोळा उरलाय," बायको म्हणाली. "एकच."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

"सोंगात मी परत गेलोच नाही तर शेवटचं काय राहील? शिव्या. पोरांना लांडगा म्हटलं की ते दार आठवायला हवं."

लांडग्याचं डोकं दुरुस्तीला तिच्याकडेच आलं. तिने आतलं रक्त धुतलं आणि उजव्या डोळ्याच्या जाळीमागे लोखंडी जाळी शिवली, कोणाला न विचारता. फार दणकट नव्हती, पण होती. माईक मात्र कंपनीने काढून घेतला. पुन्हा धोका नको.

माफीच्या दिवशी प्रेक्षागृह खच्चून भरलं. पुढे गुलाबी सोट्यांचं शेत उभं. ते मऊ नव्हते, फक्त गुलाबी होते. तेच प्लास्टिक. पोरांना खेटून त्यांचे आईबाप, काही बापांच्या हातात जुने लांब सोटे. कर्ण्यातून गोड आवाज आला, "मुलांनो, लांडगोबा माफी मागायला आलाय. करायचं ना माफ?" पोरं मंचाकडे सरकली.

लांडगा पुढे आला. पंजे जोडले. मान झुकवायची, एवढंच ठरलेलं. पण आत त्याचा दम कोंडला, तोंडाशी हवा हवी होती. जबडा हनुवटीने दोरी ओढली की उघडायचा. त्याने दोरी ओढली. लांडग्याचा जबडा आ झाला.

पहिल्या रांगेतल्या आईने झटकन आपल्या पोराचे दोन्ही कान झाकले.

पोराचा सोटा खाली पडला, कारण ते आईचे हात काढायला धडपडत होतं. शेजारच्या बापाने सोटा काखेत धरायचा प्रयत्न केला, मग टाकला आणि पोरीचे कान दाबले. रांगेमागून रांग, सगळे कान झाकले गेले. याने एका डोळ्याने ते पाहिलं. जबडा मिटला. लोकांचे हात खाली आले, सोटे वर आले. पुन्हा उघडला. सोटे खाली, हात कानांवर.

गडी जन्मभर लोकांना हसवून जगलेला. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. त्याने हनुवटी छातीला रुतवली आणि दोरी ताणून धरली.

मग तो उघड्या जबड्याने वळला आणि दारासमोर जाऊन उभा राहिला. नखं साफ केली. दाराला मान हलवली, ये की. दार आलं नाही. माईक नव्हता, म्हणून आत तो मोकळा होता. दाराला, कंपनीला, ढेरपोट्याला, सगळ्यांना चुलत्याच्या ठेवणीतल्या शिव्या तो सावकाश, चवीने देत होता, आणि एकही बाहेर जात नव्हती. कोकरांच्या सोंगात बायका उभ्या होत्या, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यातली एक शिंकली. लांडगा शेपटीमागे लपला. कान दाबलेली पोरं हसायला लागली. ऐकू काही येत नव्हतं त्यांना, आपलंच हसणं डोक्यात घुमत असणार. बापांना हात सोडवत नव्हते. मान आखडून याच्या गळ्यात गोळे आले तरी त्याने जबडा मिटला नाही, पडदा पडेपर्यंत.

पडद्यामागे मेहुण्याने डोकं उतरवून घेतलं. "दाजी, काय झालं हे? कोणी मारलंच नाही."

"पाणी दे आधी," तो म्हणाला. मान सरळ होत नव्हती.

त्या खेळानंतर गुलाबी सोटा एकही खपला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. लांडगा तोंड उघडतो आणि लोक कान झाकतात, यात विकण्यासारखं काय आहे ते विक्रीसाहेबाने पुष्कळ शोधलं. कानटोप्या काढून पाहिल्या, त्याही पडून राहिल्या. महिना संपला तेव्हा लांडग्याचा खेळ बंद झाला. त्या जागी पोरांनी पाण्याने भिजवायची एक यांत्रिक मगर आली, पिचकारीसकट. गोष्टवालीने तिची गोष्ट लिहायला नकार दिला. मगरीला गोष्ट लागतच नव्हती.

शेवटचा पगार घ्यायला तो गेला तेव्हा बायको बरोबर होती. तिनेही शिवणखोलीची किल्ली टेबलावर ठेवली. खिडकीतला माणूस म्हणाला, "वाईट झालं हो, डोळा गेला, नोकरी गेली."

"एक गेला," ती म्हणाली. "दुसरा घेऊन चाललेय मी." आणि नवऱ्याला डाव्या बाजूने, जिकडचं त्याला दिसत नव्हतं तिकडून, दंडाला धरून तिने फाटकाबाहेर काढलं.